दाराशी अडलेलं भूत

१

पडद्यावर नावं सरकायला लागली, दिवे लागले, तरी कुणी उठेना.

"संपला?" पुढच्या रांगेतल्या माणसानं बायकोला विचारलं.

"मध्यंतर असेल हो."

"अगं, मध्यंतर मघाशीच झालं की!"

मग कुठूनतरी एक शिट्टी आली, मागोमाग दुसरी. कौतुकाची शिट्टी आणि टर उडवणारी शिट्टी यांतला फरक लहान पोरालाही कळतो. लोक खुर्च्या आपटत उठले. कुणी म्हणालं, वेळ फुकट गेला. कुणी म्हणालं, पहिला पिक्चर काय होता, आणि हे काय काढून ठेवलंय!

शेवटच्या रांगेत बसलेल्या फौजदारबाईंनी शेजारी पाहिलं. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडातलं ते नाव काही निवृत्त झालं नव्हतं. शेजारी त्यांचा भाचा बसला होता. पिक्चर त्याचाच. दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव आत्ताच पडद्यावरून वर गेलं होतं आणि त्याच्या तोंडावरचा रंगही त्याच्याबरोबर गेला होता.

"आत्या," तो पुटपुटला, "शेवटचा सीन कुठे गेला?"

"म्हणजे?"

"हा शेवट नाही. ह्याच्यापुढे अख्खा एक सीन आहे. अण्णांचा. पिक्चरमध्ये तेवढाच तर जीव होता! कुणीतरी कापला, आत्या. माझा पिक्चर कुणीतरी कापला!"

बाईंनी त्याचा दंड धरायच्या आत तो धावत दाराशी पोचलाही. बाहेर वार्ताहर कॅमेरे घेऊन उभेच होते. पहिल्या खेळाच्या प्रतिक्रिया घ्यायला आले होते बिचारे, त्यांना आयतंच घबाड मिळालं.

"एडिटरनं केलंय हे!" भाचा ओरडला. "तिला तो सीन पहिल्यापासून नको होता. तिनं माझ्या पाठीत सुरा खुपसलाय!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाई जिना उतरून पोचेपर्यंत ते वाक्य घरोघरी पोचलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आत्याच्या घरी येऊन सोफ्यावर पडला. चहा तसाच निवून गेला.

आता हा पिक्चर काय होता, ते आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी याच मंडळींनी 'पोटमाळ्यावरचे मामा' काढला होता. घरातले म्हातारे मामा मरतात, पण घर सोडायला तयार होत नाहीत. पोटमाळ्यावर मुक्काम ठोकतात आणि वरून सगळ्यांच्या संसारात नाक खुपसतात. "पंखा बंद करा, वीज काय फुकट येते?" हे मामांचं वाक्य तर इतकं गाजलं, की पोरं अंधाराला घाबरायचं सोडून पोटमाळ्याकडे बघत मामांना हाका मारायला लागली. मामा झाले होते अण्णा. उभा जन्म रंगभूमीवर काढलेला माणूस. पाठांतर असं, की दुसऱ्याची वाक्यं अडली तर तीही तेच सांगायचे.

आणि आता हा दुसरा भाग, 'मामा पुन्हा पोटमाळ्यावर'. तेच घर, तोच पोटमाळा, तेच अण्णा. हसू मात्र कुठेच नाही. आदल्या दिवशी थिएटरात बसल्याबसल्या बाईंना वाटत होतं, की जेवण सगळं पानात वाढलंय आणि मीठच घालायचं राहिलंय. भाच्याला हे सांगायची त्यांची छाती झाली नाही.

"मला ठाऊक आहे पिक्चर फिका झालाय ते," तो स्वतःच म्हणाला. "पण शेवटच्या सीननं सगळं भरून निघत होतं. रिलीजच्या आधी युनिटला नि घरच्यांना दाखवला तेव्हा लोक खुर्चीतून खाली पडायचे बाकी होते. तुझा गुडघा धरला होता म्हणून तू नाही आलीस."

"काय आहे त्या सीनमध्ये?"

भाचा उठून बसला. सांगताना त्याचे डोळे चमकायला लागले. "मामा पोटमाळ्यावरून खाली उतरतात. आणि त्यांना आपलंच घर ओळखू येत नाही! 'हे कुणाचं घर आहे? मला घरी जायचंय,' म्हणतात. मग दाराशी जातात आणि कडी ओढतात. दार उघडत नाही. आत्या, भूत आहे ते! भिंतीतून आरपार जाणारं भूत, आणि दाराशी अडलंय! ओढतायत, ढकलतायत, दाराची विनवणी करतायत. लिहिलेलं नव्हतं गं यातलं काही. दार तर सेटवरचं खोटं, मागून खिळे ठोकलेलं. अण्णांनी तिथल्या तिथे सुचून केलं सगळं."

"मग परत जोडा तो सीन."

"कुठून जोडू? शूटिंगचं मूळसुद्धा गायब आहे. एडिटिंगच्या खोलीतल्या कपाटात ती डिस्क होती. कपाटाच्या चाव्या दोनच. एक एडिटरबाईकडे, एक निर्मात्याकडे. निर्माता म्हणजे अण्णांचाच मुलगा. त्यानं घरदार पणाला लावलंय या पिक्चरवर, तो कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल? आत्या, या आठवड्यात सीन मिळाला तर थिएटरवाले नवी प्रत लावायला तयार आहेत. नाहीतर पिक्चर उतरला, मी संपलो, आणि तोही संपला."

"आणि ती एडिटरबाई?"

भाचा निवलेल्या चहाचा कप उगाच फिरवायला लागला. कॉलेजपासूनची मैत्रीण होती ती त्याची. कालच्या त्या ओरडण्यानंतर तिच्या हातातली दुसरी दोन कामं गेली होती. पाठीत सुरा खुपसणारीच्या हातात आपला पिक्चर कोण देणार?

"तिनं केलं असेल तर तिला भोगू दे," तो शेवटी म्हणाला. पण आवाजात काही दम नव्हता.

३

एडिटरबाईची खोली म्हणजे जाड पडद्यांचं खोपटं. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"त्यानं पाठवलंय तुम्हाला?"

"मी कुणाची पाठवलेली येत नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "तुला तो सीन नको होता, खरं का?"

"खरं. भांडले मी त्याच्याशी. सगळे हसत होते नि मला हसूच येत नव्हतं. का, ते सांगता येईना. तो म्हणाला, तुला विनोद कळत नाही. म्हटलं, नसेल कळत." तिनं नाक पुसलं. "पण आत्या, मला कापायचं असतं तर मी त्याच्या तोंडावर सांगून कापलं असतं. चोरून कापायची मला सवय नाही."

"मग शेवटची प्रत?"

"सीनसकट तयार केली आणि निर्मात्याच्या हातात दिली. कपाट त्यानंतर मी उघडलंसुद्धा नाही. माझा शब्द आहे, पुरावा नाही."

बाईंना आयुष्यभरात शेकड्यांनी शब्द ऐकायला मिळाले होते. त्यांनी पुढचं विचारलं. "थिएटरातला शेवट पाहिलास? कसा कापलाय?"

एडिटरबाईच्या कपाळावर आठी पडली. पहिल्यांदाच ती आपलं दुःख विसरून कामाचं बोलायला लागली. "तेच तर! चोरानं कापलं असतं तर संगीत मध्येच तुटलं असतं. इथे ते हळूहळू विसावत जातं आणि नेमकं चित्राबरोबर थांबतं. संगीत असं जोजवून निजवायला फार नाजूक हात लागतो. मला नाही येत ते."

"कुणाला येतं?"

ती एकदम थांबली. आपण कुणाच्या गळ्यात फास अडकवतोय ते तिच्या लक्षात आलं.

"कानसेनला," ती हळूच म्हणाली.

४

कानसेन म्हणजे युनिटचा साउंडवाला. खरं नाव सगळे विसरले होते. दुसऱ्या खोलीत कुणी मनात हसलं तरी ह्याला ऐकू जातं, अशी त्याची ख्याती. बाई आल्या तेव्हा तो वायरींची भेंडोळी सोडवत बसला होता. सुटलेलीच भेंडोळी तो पुन्हा सोडवत होता, हे बाईंनी पाहून ठेवलं.

"शेवट तू बांधलास?"

"मी? छे, छे. मला जी प्रत आली तिचा आवाज नीट केला, संपलं माझं काम."

"शेवटचा सीन शूट झाला तेव्हा होतास?"

"होतो की. अण्णांच्या कानात मशीन असतं ना, ते मीच बघायचो. त्यांना कमी ऐकू येतं हल्ली. नेमकं त्या दिवशी बंद पडलं होतं, त्यामुळे नीट आठवतंय."

"बंद पडलं? म्हणजे अण्णांना काहीच ऐकू येत नव्हतं?"

"नाही... म्हणजे, थोडंफार यायचं." भेंडोळं त्याच्या हातातून खाली पडलं. "बाई, मला विचारू नका. मी अण्णांचं मीठ खाल्लंय. रंगभूमीवर पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं मला."

"मी कात्रीबद्दल विचारतेय बाबा, तू अण्णांवर का घसरतोयस?"

कानसेनचे डोळे भरून आले. तो उठून बाहेर निघून गेला तो परत आलाच नाही.

तिथून बाई गेल्या त्या पिक्चरमध्ये मामांची भाची झालेल्या नटीकडे. दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी ती आरशासमोर बसून तोंड रंगवून घेत होती.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे. त्या सीनमध्ये अण्णांनी मला पार खाऊन टाकलं, हे सगळ्यांनी पाहिलंय," ती हसत म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं. "पण एक सांगू? मला त्याचा राग नाही, नवल वाटतं. अण्णा लिहिलेल्या वाक्यातला काना इकडचा तिकडे करू द्यायचे नाहीत. पहिल्या भागात मी एक 'हो' जास्तीचा म्हटला, तर माझी शाळा घेतली होती त्यांनी. आणि त्या दिवशी एकही वाक्य लिहिल्याप्रमाणे नाही. पिक्चरभर मला 'बाळ' म्हणतात, त्या दिवशी म्हणाले 'अक्का'. 'अक्का, दार उघड ना.' मी आपली गोंधळून उभी राहिले, तर दिग्दर्शक खूश! म्हणे तुझा चेहरा काय सुंदर गोंधळलाय!"

"अक्का कोण?"

"पिक्चरमध्ये तर कुणीच नाही."

५

त्या दुपारी बाईंनी भाच्याकडून दोन्ही पिक्चर आपल्या टीव्हीवर लावून घेतले आणि त्याला घालवून दिलं.

पहिला भाग पाहताना त्या एकट्याच खो खो हसल्या. दुसरा लागला आणि हसू आटलं. घर तेच, माणसं तीच, वाक्यंही काही वाईट नव्हती. मग कुठे माशी शिंकली? बाईंनी पुन्हा मागे जाऊन पाहिलं. खुर्चीच्या हातावर त्या बोटानं ठेका धरून बसल्या. पहिल्या भागात समोरच्याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच अण्णांचं उत्तर येऊन आदळायचं. दुसऱ्यात समोरचा बोलायचा, बाईंचं बोट पडायचं, आणि मग अण्णा बोलायचे. प्रत्येक वेळी तसंच. अर्ध्या श्वासाचाच उशीर, पण विनोद तेवढ्यात गार व्हायचा.

असं उत्तर देणारी माणसं बाईंनी खूप पाहिली होती, पण पिक्चरमध्ये नव्हे. वकिलानं पढवलेला साक्षीदार असाच बोलतो. आधी मनातल्या मनात ऐकतो, मग म्हणतो.

बाईंनी टीव्ही बंद केला. पिक्चर का पडला, ते त्यांना कळलं होतं. आणि त्या लगेच चपला घालून निघाल्या.

६

निर्मात्याच्या घरचं दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. बाईंना त्यानं बाहेरच्या खोलीत बसवलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

बाई त्याच्याकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "थिएटरात माणसं फार कमी होती रे."

आतून खणखणीत आवाज आला, "कमी होती? मग पंखे बंद करा, वीज काय फुकट येते?"

क्षणाचाही उशीर नाही. बाईंना हसू फुटलं. आणि त्यांनी समोर पाहिलं, तर अण्णांच्या मुलाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"कान तर चांगले तिखट आहेत अण्णांचे," बाई म्हणाल्या. "मग ते मशीन कशाला होतं?"

तो बाहीनं गाल पुसत राहिला.

"मी सांगते, चुकलं तर थांबव. ते मशीन ऐकू येण्यासाठी नव्हतंच. कानसेन त्यातून त्यांना वाक्यं सांगायचा. अण्णा ऐकायचे, मग बोलायचे, म्हणून पिक्चरभर तो उशीर. ज्या दिवशी मशीन बंद पडलं त्या दिवशी अण्णांजवळ वाक्यंच नव्हती. मग तिथे जे झालं, तो अभिनय नव्हता. अक्का कोण रे?"

"त्यांची थोरली बहीण," तो म्हणाला. "लहानपणीच वारली."

बाईंनी त्याला सावरू दिलं.

"डिस्क कपाटातून नेता आली असती अशी दोनच माणसं. एडिटरबाईनं प्रत तुझ्या हातात दिली. संगीत विसावलंय ते कानसेनच्या हातानं, आणि अण्णांशी बेइमानी होईल असं काही तो मेला तरी करणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट. घरात चोरी झाली की ज्याचं गेलं तो आधी बोंब मारतो. इथे सगळं गेलं तुझं, आणि तोंडातून अवाक्षर नाही. कुंपणानंच शेत खाल्लंय. पण कशासाठी, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय."

अण्णांच्या मुलानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, विसरत जातील. अण्णा तेव्हा भानावर होते, सगळं समजत होतं. मला म्हणाले, 'माझं पाठांतर गेलं हे लोकांना कळता कामा नये. मेलो तरी चालेल.' वचन घेतलं माझ्याकडून. मग हळूहळू त्यांना हे घर परकं वाटायला लागलं. रोज विचारायचे, आपण घरी कधी जायचं? आणि टीव्हीवर पहिला भाग लागला की एकदम शांत. म्हणायचे, हे आपलं घर." तो थांबला. "म्हणून मी तो सेट पुन्हा उभा केला. लोकांना वाटलं, लोभानं दुसरा भाग काढला. बाई, मला अण्णांना त्या पोटमाळ्यावर बसवायचं होतं, बाकी काही नको होतं. कानातून वाक्य आलं की खुलायचे. दोन-तीन महिने माझा बाप खुशीत होता."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तेच घर त्यांना ओळखू आलं नाही. मी तिथेच होतो. पण सगळे हसत होते, सगळे म्हणत होते काय काम केलं! मला वाटलं, असेल, काम केलं असेल. मला तसंच वाटायला हवं होतं. मीही हसलो बाई, खोटं कशाला सांगू? मग युनिटला पिक्चर दाखवला तेव्हा अण्णा माझ्या शेजारी बसले होते. तो सीन आला. हॉल नुसता गडगडत होता. अण्णांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, 'अरे, तो म्हातारा बघ किती घाबरलाय. हसताय काय सगळे? दार उघडून द्या की कुणीतरी त्याला.' आणि उठून पडद्याकडे निघाले. दार उघडायला."

खिशातला रुमाल काढून बाईंनी नुसता हातात धरून ठेवला.

"दुसऱ्याच दिवशी कानसेनच्या पाया पडलो आणि सीन काढून घेतला. पिक्चर पडला तर पडू दे. पण गावोगाव लोकांनी तिकीट काढून माझ्या बापाला हसायचं? एडिटरबाईवर आळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं हो. रोज वाटतं, जाऊन खरं सांगावं. मग वाटतं, खरं सांगायचं म्हणजे अण्णांचं सांगायचं. मी काय करू?"

तेवढ्यात अण्णाच बाहेर आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पण चाल रुबाबदार. बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला.

"तुम्ही बसा हं," ते अदबीनं म्हणाले. "ह्या घरचे लोक चांगले आहेत. मला ठेवून घेतलंय."

अण्णांच्या मुलानं पुढे होऊन त्यांची बटणं सोडली आणि पुन्हा नीट लावली. मग कपाटातून डिस्क काढून बाईंच्या हातात दिली.

७

"सापडली!" भाच्यानं डिस्क पाहून उडीच मारली. "आत्या, तू देव आहेस! पिक्चर वाचला! कुणी घेतली होती?"

"आधी बघ. पिक्चरमध्ये सीन जिथे संपवलास तिथे थांबू नकोस. पुढचंही बघ."

त्यानं लावलं. अण्णा खाली उतरले, भांबावले, दाराशी गेले. भाचा हसायला लागला. बाई पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होत्या. पिक्चरमध्ये जिथे सीन संपायचा ती जागा गेली, तरी अण्णा दार ओढतच होते. "अक्का, अंधार पडला गं. आई रागवेल." कॅमेऱ्यामागून दाबलेल्या हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यावर भाच्याचा स्वतःचा आवाज, "थांबवू नका, थांबवू नका! चालू ठेवा, सोनं आहे सोनं!" अण्णांनी दारावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांचा मुलगा मध्ये आला आणि हात धरून त्यांना घेऊन गेला.

भाच्याचं हसू कधी थांबलं ते त्यालाही कळलं नसावं. बाईंनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. तो गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत रडला. आईबापाविना त्यांनी वाढवलेलं पोर ते. इतकं रडताना बाईंनी त्याला लहानपणीही पाहिलं नव्हतं.

"मला ठाऊक नव्हतं गं, आत्या."

"नव्हतंच."

"पण विचारलंही नाही मी. एकदाही जाऊन विचारलं नाही, अण्णा, बरं वाटतंय ना?"

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "हे बघ. सीन तुझ्या हातात आहे. लावलास तर पिक्चर उठेल. नाही लावलास तर ती पोरगी चोर ठरलेली आहे, कारण तू तिला चारचौघांत चोर म्हणालास. तिला सोडवायचं तर कुणी काढला ते सांगावं लागेल, आणि का काढला तेही लोक विचारणारच. तपास माझा होता, तो झाला. आता पुढचं तू बघ."

भाचा कितीतरी वेळ डिस्ककडे बघत बसला. मग उठला, तोंड धुतलं आणि डिस्क घेऊन अण्णांच्या मुलाकडे गेला. परत आला तेव्हा हात मोकळे होते.

पुढल्या दिवशी त्यानं त्याच थिएटरच्या दाराशी वार्ताहरांना बोलावलं. फौजदारबाई गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. एडिटरबाईही आली होती. तिला त्यानं निरोप धाडला होता, पण कारण सांगितलं नव्हतं. ती बाईंच्या शेजारी येऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

"शेवटचा सीन मीच काढला," भाचा म्हणाला. "प्रत पाठवायच्या आधी, कुणाला न सांगता. लोकांनी शिट्ट्या मारल्या तेव्हा घाबरलो आणि एडिटरबाईंवर ढकलून मोकळा झालो. त्यांचा काडीचाही दोष नाही. मी त्यांची जाहीर माफी मागतो."

एकच गलका झाला.

"पण सगळे म्हणतात तोच सीन चांगला होता! का काढलात?"

"मला आवडला नाही."

"मग आता परत लावा!"

"नाही. तो नष्ट केलाय."

"म्हणजे आपलाच पिक्चर बुडवला आणि वर मैत्रिणीला चोर ठरवलं?" एक वार्ताहर हसत ओरडला. "दिग्दर्शक आहात की कोण आहात?"

लोक हसायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, ह्याला पुन्हा पिक्चर कोण देतोय बघू! भाचा मान खाली घालून उभा होता, पण जागचा हलला नाही.

एडिटरबाईनं बाईंचं मनगट धरलं. "आत्या, हा खोटं बोलतोय. प्रत गेली त्या दिवशीसुद्धा, थिएटरात तो सीन पाहायला चल म्हणून माझ्याशी फोनवर तासभर भांडला हा. ह्यानं नाही काढला."

खोटा कबुलीजबाब बाईंनी जन्मात कधी चालू दिला नव्हता. वरिष्ठांनी डोळे वटारले तरी नाही.

"त्यानं कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "मला तेवढं पुरे आहे."

एडिटरबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दारातल्या भाच्याकडे. ज्या सीनला तिला कधी हसू आलं नाही तो सीन, कानसेनचा हात, तिच्या मनात काय काय जुळत गेलं असेल कोण जाणे, पण मनगटावरची तिची पकड सुटली आणि चेहऱ्यावरचा राग उतरला.

"अण्णा बरे नाहीत का?" तिनं अगदी हळू विचारलं.

बाईंना डोळ्यांतलं पाणी आवरलं नाही.

एडिटरबाईनं पदर खोचला. हसणाऱ्या माणसांना कोपरानं बाजूला सारत ती गर्दीत घुसली, पायऱ्या चढली आणि भाच्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.